विहिरीत माणूस आहे

१

आमच्या घरातून सकाळचा पहिला फोन मोटारबाईला जायचा. गॅसवर चहा ठेवायचा, मोबाईल कान आणि खांद्याच्या मध्ये धरायचा, की पलीकडून ती गोड आवाजात सुरू व्हायची. 'नमस्कार. वीज आहे. पाणी आहे. मोटर बंद आहे. मोटर चालू करण्यासाठी एक दाबा.' मी एक दाबायची. मग ओढ्यापलीकडच्या विहिरीवर खांबाला टांगलेल्या पेटीत टक् असा आवाज व्हायचा, पाण्यात सोडलेली मोटर सुरू व्हायची आणि मी चहा गाळेपर्यंत कांद्यातल्या ठिबकच्या नळ्या टपटपायला लागायच्या. घरातून मला यातलं काहीच दिसायचं नाही. पण बाई सांगायची, 'मोटर चालू झाली आहे,' आणि तिचा शब्द कधी खोटा पडला नाही.

मोटारबाई हे नाव माझ्या दिरानं, करणनं ठेवलेलं. दुकानात त्या पेटीला मोबाईल स्टार्टर म्हणतात. आत एक सिम कार्ड असतं आणि कंपनीनं भरून दिलेली मोजकी वाक्यं. मी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालेली आहे, त्यामुळे पेटीत बाई बसलेली नाही एवढं मला कळतं. तरी माझा तिच्यावर जीव होता. शेवगावकडच्या आमच्यासारख्या वस्तीवर ज्यानं एखादा हिवाळा काढलाय त्याला याचं कारण सांगावं लागणार नाही. शेतीची लाईट आलटून पालटून यायची, कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीची आली की सहादेव, म्हणजे माझा नवरा, बॅटरी आणि काठी घेऊन मोटर लावायला निघायचा. वाटेत दोन्ही बाजूंना ऊस, आणि उसात बिबट्या. तो परत येऊन दाराची कडी लावेपर्यंत माझा डोळा लागायचा नाही. पेटी आली आणि हे सगळं एका फोनवर संपलं. मनातल्या मनात मी त्या बाईला कितीदा हळदीकुंकू लावलंय, तिलाही ठाऊक नसेल.

शिवाय तिनं आम्हाला करण परत दिला. तो पुण्याला कंपनीत लागल्यापासून घरी पाहुण्यासारखा यायचा, अंगणात बसून मोबाईल बघायचा आणि निघून जायचा. पेटीत त्याचाही नंबर टाकला आणि पोरगं बदललं. पुण्यातल्या खोलीवर बसून मोटर लावायचं आणि घरच्या ग्रुपवर टाकायचं, 'कांद्याला पाणी दिलं.' छाती अशी फुगायची, की खांद्यावर फावडं घेऊन रानात उभाच आहे. माझ्या सासऱ्यांना, कारभारी आबांना, एक दाबा आणि दोन दाबा जमत नाही. त्यांनी आणि करणनं आपसात खूण ठरवून टाकली होती. आबांचा मिस कॉल आला, की करणनं पुण्याहून मोटर लावायची. बापलेकांचं बोलणं तसं बेताचंच. या मिस कॉलमुळे ते रोज एकमेकांना भेटायचे असं मला वाटायचं.

२

एक काळजी मात्र होती. खर्ड्याकडे माझ्या मावशीच्या गावात गेल्या साली एक माणूस विहिरीत उतरला होता आणि त्याच्या मुलानं बाजारातून फोनवर मोटर लावली. मुलाला कुणी सांगितलंच नव्हतं. केबल कुठंतरी उघडी होती आणि करंट पाण्यात उतरला. तो मुलगा अजून कुणाशी बोलत नाही, असं मावशी सांगते.

आबांचा शिरस्ता जुना होता. विहिरीत उतरायचं तर आधी फ्यूज काढायचे, बंडीच्या खिशात घालायचे आणि मगच पायऱ्यांवर पाय ठेवायचा. ज्याच्या खिशात फ्यूज, त्याच्या हातात जीव, असा साधा मामला होता. पण दिवाळीनंतर चोरट्यांनी आमची केबल कापली. अर्धी नेली, अर्धी टाकून पळाले. सहादेवनं तुकडे जोडून वर टेप गुंडाळली आणि फ्यूजच्या डब्याला कुलूप ठोकलं. किल्ली त्याच्या टेम्पोच्या किल्लीबरोबर अडकवली. तो दुधाचा टेम्पो चालवतो, त्यामुळे किल्ली बहुतेक वेळ रस्त्यावरच असते.

'आपल्याला काय करायचाय आता फ्यूज?' सहादेव म्हणाला होता. 'मोबाईलवर बंद केली की झालं.'

तेव्हा आम्हा सगळ्यांनाच ते पटलं.

३

माघात, कांदा पोसायला लागला त्या दिवसांत, एका सकाळी मी नेहमीसारखा फोन लावला.

'नमस्कार. वीज आहे. पाणी आहे. माणूस आहे. मोटर बंद आहे. मोटर चालू करण्यासाठी एक दाबा.'

मी एक दाबलं. सवयीनं दाबलं. चहा गाळताना मला ते वाक्य ऐकू आलं, म्हणजे कानानं आधी ऐकलेलं डोक्यात तेव्हा शिरलं, आणि गाळणी तशीच हातात राहिली. मी मोटर बंद केली, पायात चप्पल सरकवली आणि ओढा ओलांडून पळत सुटले.

विहिरीवर कुणी नव्हतं. मी कठड्यावरून वाकून पाहिलं. पाणी निवांत होतं. काळी केबल आणि नायलॉनचा दोर पाण्यात गेलेला, अलीकडच्या भिंतीला लोखंडी पायऱ्या. कपारींत पारवे घुमत होते. पायऱ्यांच्या समोरच्या बाजूला, जिथं केबल पाण्यात शिरते, तिथल्या कपारी तेवढ्या रिकाम्या होत्या. त्यातल्या एकीखाली, भिंतीला लागून, पाण्यावर एक वर्तुळ हळूहळू मोठं होत होतं. कुणी नुकताच पाय वर घ्यावा तेवढं. बेडूक असेल, म्हटलं. विहिरीत बेडूक नसणार तर कुठं असणार?

दुसऱ्या दिवशी बाई पुन्हा म्हणाली, 'माणूस आहे.' तिसऱ्या दिवशीही म्हणाली. आवाज तिचाच होता, पण बाकीच्या वाक्यांत जी दुकानातली गोडी होती ती या वाक्यात नव्हती. ते कुणीतरी मला सांगायचं म्हणून सांगत होतं.

शेवटी मी ज्यानं पेटी बसवली त्या कानिफनाथला बोलावलं. शेवगावात त्याचं मोटर रिपेअरिंगचं दुकान आहे, आणि जीभ पान्यापेक्षा जास्त चालते. त्यानं पेटी उघडली, बटणं दाबून आतली सगळी वाक्यं ओळीनं ऐकवली. वीज, पाणी, मोटर. माणूस कुठंच नव्हता.

'ताई, ही कंपनीची बाई हाय,' तो हसत म्हणाला. 'हिला होल्टेज कळतं. मानूस वळखायला अजून आपल्याला जमंना, तिला कुठनं जमायचं?'

'आरं पन मी सोत्ता ऐकलंय.'

'दुसरी लाईन घुसत आसंल. टावर येकच हाय, आन् बोलनारं लई.'

हे मला पटलं. पटवून घेतलं म्हणा. करणला विचारलं तर तो म्हणाला, 'वहिनी, मला तर न्हेमीचंच बोलती. तुमी चहात काय टाकता?'

४

कानिफनाथ गेला आणि मी एक प्रयोग करायचा ठरवला. भर दुपारी, लख्ख उन्हात, मी विहिरीच्या कठड्याला टेकून उभी राहिले आणि फोन लावला. पेटीतला हिरवा दिवा लुकलुकला.

'वीज आहे. पाणी आहे. माणूस आहे.'

मला इतकं हलकं वाटलं, की मी हसलेच. माणूस म्हणजे मी! पेटीला कळत असेल जवळ कुणी आहे ते, नव्या मॉडेलमध्ये देत असतील काहीतरी. कानिफनाथलाच ठाऊक नसेल. मी निघाले, ओढा ओलांडला, डांबरी सडकेपर्यंत चालत गेले. विहिरीवर चिटपाखरू नव्हतं, मला इथून सगळं रान दिसत होतं. पुन्हा फोन लावला.

'वीज आहे. पाणी आहे. माणूस आहे.'

या वेळी वाक्य संपल्यावर बाई लगेच पुढं बोलली नाही. मध्ये थोडी जागा राहिली आणि त्या जागेत मला विहीर ऐकू आली. खोल, ओला, बंद जागेतला आवाज. थेंब पडत होता. आणि कुणीतरी बराच वेळ पाण्यात उभं राहिल्यावर सोडतं तसा श्वास सोडला. पेटीला कान नसतात, तिला माईक बसवलेला नाही, हे मला माहीत होतं. मी फोन कापला आणि सडकेच्या कडेला मटकन बसले. समोरून गेलेल्या मोटारसायकलवाल्यानं वळून पाहिलं, तेव्हा उगाच चपलेतला काटा काढायचं सोंग केलं.

घरी आल्यावर आबांना सांगितलं. ते अंगणात दोर वळत बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

'मानूस हाय म्हनली?'

'व्हय.'

'वाईट काय बोलली का?'

'न्हाई.'

'मग भ्यायाचं कशापाय?' म्हणाले, आणि दोराला पीळ देत राहिले.

पण मी भ्याले होते. माझी सकाळ नासली होती. ज्या बाईला मी घरातली समजत होते तिचाच नंबर लावायला मी धजेना. मी करणला सांगितलं, की सकाळची मोटर आता तूच लावत जा, मला डब्यांची घाई असते. तो खूश झाला.

'वहिनी, कंपनीच्या बशीत बसून पानी देतो मी! बाजूचा मानूस म्हनतो, फोनवर काय शेती करतो का काय? म्हनलं व्हय, आमची आशीच हाय.'

अशी मोटर माझ्या हातातून गेली, ती थेट पुण्याला. ज्याला ओढ्यापलीकडं काय चाललंय ते दिसणार नाही, ऐकूही येणार नाही, त्याच्या हातात. हे मला तेव्हा सुचलं नाही. मला फक्त तो आवाज नको होता.

५

त्या दिवशी सकाळी करणनं मोटर लावली, पण ठिबकला जोर नव्हता. नळ्या रडत होत्या. सहादेवनं टेम्पो काढता काढता ग्रुपवर टाकलं, 'पाणी कमी येतंय.' दुपारपर्यंत वाट बघून आबा उठले.

'मोटरच्या जाळीला शेवाळ धरलं आसंल. बघून येतो.'

'आबा, त्यास्नी येऊ द्या. फ्यूजची किल्ली त्यांच्याकडं हाय.'

'तवर कांदा सुकल. तू फोनवर बंद कर मोटर.'

मी बऱ्याच दिवसांनी मोटारबाईला फोन लावला. दोन दाबलं. 'मोटर बंद झाली आहे,' ती म्हणाली. मी पुढचं ऐकायला थांबले नाही.

आबांनी आपल्या परीनं सगळी काळजी घेतली. सहादेवला फोन करून सांगितलं, की मी उतरतोय. मग करणला लावला. रिंग वाजत राहिली, त्यानं उचलला नाही.

'कामावर गेला,' आबा म्हणाले. 'फोन गेटवर जमा. म्हंजी त्याच्याकडनं बी काय भ्या न्हाई. तुझा फोन तुझ्यापाशी, माझा माझ्यापाशी. मग लावनार कोन?'

बरोबरच होतं. मलाही त्यात काही खोट दिसली नाही. मी भाकरी थापायला बसले आणि आबा ओढा ओलांडून गेले.

६

मी भाकरी घेऊन विहिरीवर पोचले तेव्हा कठड्यावर आबांचा सदरा आणि टोपी होती. खालून पाण्याचा चुबुक चुबुक आवाज येत होता. आबा छातीएवढ्या पाण्यात, कडेच्या दगडावर उभे होते. एका हातानं मोटरचा दोर धरला होता, दुसरा हात पाण्याखाली.

'झालं का आबा?'

'येक पेच राह्यलाय.'

तेवढ्यात माझ्या डोक्यावर, खांबावरच्या पेटीत, आवाज झाला. टक्.

इतके महिने तो आवाज मी घरातून मनानं ऐकत आले होते. हा कानानं ऐकला. मी पेटीकडं बघितलं, दिवा लाल झाला होता. खाली बघितलं, आबा तसेच उभे होते, पेच पिळत होते. मोटर सुरू झाली नव्हती. पुन्हा टक्. दिवा हिरवा. पुन्हा टक्. मी फ्यूजच्या डब्याचं कुलूप दोन्ही हातांनी ओढायला लागले आणि कमरेला खोचलेला माझा फोन वाजला. करण होता.

'वहिनी, मोटर लागंना. कवाची लावतोय.'

मी काय ओरडले ते मला आठवत नाही. तो नंतर सांगत होता, की मी फक्त 'नको' म्हणत होते.

'आमच्या इथली लाईट गेली, समद्यास्नी भायेर सोडलं,' तो गांगरून बोलत होता. 'फोन घेतला तर आबांचा मिस कॉल. म्हनलं पानी कमी हाय, मोटर लावायला सांगत्यात. म्हनून लावली तर ती बाई येकच बोलती. मानूस हाय, मानूस हाय, मानूस हाय. दुसरं कायच बोलंना. वहिनी? कोन मानूस? वहिनी, आबा कुठं हायत?'

'इहिरीत हायत,' मी म्हणाले. 'करण, फोनला हात लावू नको. खाली ठेव.'

मग तो लहान मुलासारखा रडायला लागला.

मी आबांना हाका मारल्या. माझ्या आवाजात काय होतं कोण जाणे, त्यांनी काही विचारलं नाही. दोर सोडला आणि पायऱ्या धरल्या. ते म्हातारे आहेत, गुडघे धरलेले. एकेक पायरी चढायला त्यांना युग लागत होतं, आणि मी कठड्यावर पालथी पडून, हात खाली सोडून, त्यांच्याकडं बघत होते. अजून आलं नाही डोकं हाताला, अजून आलं नाही. तेव्हा मला ते दिसलं.

आबांचे दोन्ही हात पायऱ्यांवर होते. त्यांच्या मागं, समोरच्या भिंतीपाशी, केबल जिथं पाण्यात शिरते त्याच्या जरा खाली टेपचा जोड होता. त्या जोडावर एक मूठ होती. पाण्याखाली, हिरवट, घट्ट आवळलेली मूठ. ती हलत नव्हती. अवघड वस्तू धरून ठेवताना पडतात तसे तिचे सांधे पांढरे पडले होते. मनगटाच्या पुढं पाणी काळं होतं.

आबांचं मनगट माझ्या हातात आलं, मी त्यांना ओढून घेतलं आणि आम्ही दोघंही वाळक्या गवतावर पडलो. पुन्हा वाकून बघायचं धाडस मला झालं नाही.

शेवाळाचा गोळा असू शकतो. सुटलेल्या टेपची गुंडाळी असू शकते. माझी भीती तेव्हा कुठल्याही गोष्टीला बोटं लावू शकली असती. हे मी स्वतःला सांगितलं आहे आणि अजूनही अधूनमधून सांगते.

७

संध्याकाळच्या आत सहादेव आला, कानिफनाथ आला, आणि त्यांनी मोटर वर ओढली. टेपचा जोड जळून कोळसा झाला होता. तारा उघड्या पडल्या होत्या.

'म्हनून लागली न्हाई मोटर,' कानिफनाथ म्हणाला. 'जोड जळाला, करंट फुडं गेलाच न्हाई. नशीब म्हना.'

'फुडं गेला न्हाई, मग कुठं गेला?' मी विचारलं.

त्यानं हातातल्या तारांकडं पाहिलं. उघड्या तारा पाण्यात होत्या. आबा पाण्यात होते. पेटी पुन्हा पुन्हा टक् करत होती. खर्ड्याकडचा तो माणूस याहून कमी गोष्टीनं गेला होता.

'ते मला सांगता न्हाई यायचं, ताई,' तो म्हणाला. एवढा बोलका माणूस, पण त्यानं पहिल्यांदाच थट्टा केली नाही.

जळालेल्या जोडाला लागूनच केबलचं काळं रबर वितळून मऊ झालेलं होतं आणि तसंच थिजलं होतं. तिथं केबल चपटी झाली होती, एका बाजूनं खोल, दुसऱ्या बाजूनं ओळीनं खळगे. कानिफनाथनं ती हातात घेतली. नकळत त्याची मूठ तिच्यावर बसली, बोटं खळग्यांत गेली. त्यानं केबल लगेच टाकून दिली आणि हात पँटला पुसला.

करण मिळेल त्या गाडीनं निघून दुसऱ्या दिवशी आला. आबांच्या पायाशी बसून राहिला. आबा त्याच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाले, 'तुझी काय चूक? मी बोलावलं, तू आलास.' मिस कॉलची खूण त्या दिवसापासून बंद झाली. काही सांगायचं असेल तर बोलायचं, आणि समोरच्यानं ऐकलं हे कळल्याशिवाय फोन ठेवायचा नाही. आता बापलेक रोज बोलतात. बोलायला फारसं काही नसतं, पण बोलतात. फ्यूजच्या डब्याला आता कुलूप नाही. पेटी मात्र मी काढू दिली नाही. सहादेव तिला हातोडा मारायला निघाला होता, मी आडवी झाले. बिबट्याच्या वाटेवरून माझा नवरा तिनं घरी ठेवला होता, आणि त्या दिवशी करणच्या कानात ती ओरडत राहिली होती. तिला हातोडा?

८

नवी, अखंड केबल बसली त्या सकाळी मी चहा ठेवला आणि स्वतःहून मोटारबाईला फोन लावला. मला तिचे आभार मानायचे होते. यंत्राचे आभार मानायचे नसतात हे बी.एस्सी. झालेल्या बाईला कळतं, पण मला मानायचे होते. आणि खरं सांगायचं तर, तिच्या एकटीचे नाहीत.

'नमस्कार. वीज आहे. पाणी आहे. मोटर बंद आहे.'

मी पुढं ऐकत राहिले. वाक्यांच्या मध्ये कुठं जागा राहते का, थेंब पडतो का, कुणी श्वास सोडतं का. काही नाही. फक्त एक दाबा, एक दाबा. ज्या वाक्याच्या भीतीनं मी महिनाभर फोन टाळला, ते यावं म्हणून मी चहा उतू जाईपर्यंत थांबले. मग मला रडू आलं. कुणासाठी, ते मला सांगता येणार नव्हतं, कारण त्याचं नावही मला माहीत नाही.

दुपारी आबा म्हणाले, 'चल जरा.' त्यांनी फडक्यात भाकरी आणि ठेचा बांधून घेतला होता. आम्ही विहिरीवर गेलो. करण पुण्याला परत गेला होता, सहादेव टेम्पोवर. पारवे आले होते, त्या समोरच्या रिकाम्या कपारींतही बसले होते.

आबांनी भाकरीचे दोन भाग केले. एक स्वतःच्या हातात ठेवला. दुसऱ्यावर ठेचा घालून तो कठड्यावर ठेवला, आणि रानातल्या गड्याला बांधावरून विचारावं तशी खाली हाक टाकली.

'जेवलास का रं?'

विहिरीत त्यांचाच आवाज घुमला आणि विरला. पारवे एकदम उडाले, सगळे. मी कठड्यापासून दूर, कडुलिंबाच्या बुंध्याला टेकून उभी होते. मी हात जोडले. मनापासून जोडले. आमचं माणूस आम्हाला परत दिलंस, म्हटलं. आता आणखी काही मागू नकोस.

आबा कठड्यावर दोन्ही हात टेकून वाकले होते. बराच वेळ खाली बघत होते. मला त्यांचा चेहरा बाजूनं दिसत होता. ओळखीचं कुणी दिसल्यावर माणूस हसतो तसे ते हसत होते.

मी पुढं गेले, मागून त्यांच्या सदऱ्याचं टोक मुठीत घट्ट धरलं, आणि खाली पाहिलं नाही.